डॉ. जोकिची ताकामिने

आज आम्ही अमेरिकेत नाव कमावलेल्या एका जपानी रसायनशास्त्रज्ञाची ओळख करून देत आहोत. जोकिची ताकामिने यांचा जन्म १८५४ चा. न्यूयॉर्कमध्ये १९०० साली, सहायक उएनाका यांच्यासह, त्यांनी जनावरांच्या ग्रंथींतून शुद्ध ॲड्रेनलिन मिळवले. १९०४ साली जर्मनीत स्टोल्झ यांनी ते कृत्रिम रीतीने बनवले. पण त्याचा जोर सुमारे निम्माच! कारण त्यात डाव्या-उजव्या हातांसारखे, एकमेकांची आरशातील प्रतिमा असलेले दोन रेणू होते. निसर्ग फक्त डावाच रेणू घडवतो, आणि शरीराचे कुलूप त्याच किल्लीने नीट उघडते. मधमाशीच्या दंशाने श्वास कोंडलेल्यांना आजही तोच वाचवतो. ताकामिने १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. परमुलखात राबून जगाच्या उपयोगी पडलेल्या या पुरुषाला आम्ही वंदन करतो.