केडगावची पंगत

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात बपेरा हे सीमेजवळचे गाव आहे. तिथून थोडे पुढे गेले की मध्य प्रदेश लागतो. १८९६ साली मात्र ही सीमा नव्हती. भंडारा, बालाघाट, नागपूर, जबलपूर हे सारे जिल्हे तेव्हा इंग्रजांच्या मध्य प्रांतात होते. त्या वर्षी पावसाने लवकर पाठ फिरवली. धानावर जगणाऱ्या मुलखात ऐन वेळी पाणी नाही म्हणजे काय, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. मध्य प्रांतात दुष्काळ पडला. माणसे गावे सोडून अन्नाच्या शोधात निघाली, वाटेत मेली, आणि मुले उघड्यावर पडली.

या दुष्काळी मध्य प्रांतात पुण्याहून एक बाई आल्या. वय अडतीस, विधवा, संस्कृतच्या पंडिता. त्या होत्या पंडिता रमाबाई.

त्यांना ही भूक पुस्तकातून कळलेली नव्हती. २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ येथे जन्मलेल्या रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवले म्हणून समाजाचा रोष पत्करलेले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत फिरायचे. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, त्यात आई, वडील आणि थोरली बहीण थोड्याच काळात गेली. उरलेली दोघे भावंडे पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले, आणि १८८२ मध्ये तेही पटकीने गेले. पदरी लहानगी मनोरमा.

पुण्यात आर्य महिला समाज काढून रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तिथून अमेरिका. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई या सदनाच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक. पण १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या.

बँकेत उमेदीची वर्षे गेल्यामुळे माझे लक्ष आधी पैशाच्या बाजूकडे जाते. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले होते. ती मुदत १८९८ मध्ये संपणार होती. पुढे संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून रमाबाईंनी पुणे-सोलापूर रेल्वेवरील केडगावला जमीन घेऊन फळझाडे लावली. म्हणजे दुष्काळ पडला तेव्हा जुन्या मदतीची मुदत संपत आली होती आणि नवे उत्पन्न अजून सुरू व्हायचे होते. कुठलाही व्यवहारी माणूस अशा वेळी हात आखडता घेतो. रमाबाई मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली घेऊन परतल्या.

त्याच सुमारास पुण्यात प्लेग. इतक्या मुलींना शहरात ठेवणे शक्य नव्हते, म्हणून केडगावच्या मळ्यावर झोपड्या उभ्या राहिल्या. तेच पुढे मुक्ती सदन झाले.

आता खरा प्रश्न होता तो या मुलींकडे पाहण्याचा. हाडांचे सापळे झालेल्या, आजारी, भेदरलेल्या, अन्न लपवून ठेवणाऱ्या मुली. त्यांना न्हाऊमाखू घालणार कोण? आधी आलेल्या मुली पुढे झाल्या. शारदा सदनात वाढलेल्यांनी दुष्काळी मुलींना सांभाळले, आणि या मुली सावरल्यावर त्यांनी नंतर येणाऱ्यांना. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा सदनातल्याच स्त्रिया तिकडे जाऊन अनाथ मुलींना घेऊन आल्या. मुक्तीत राहणाऱ्यांची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली.

ख्रिस्ती मराठीत चर्चच्या सभासदांना मंडळी म्हणतात. केडगावची मंडळी दुसऱ्यांना जेवू घालायला बाहेरून आलेली नव्हती. काल पंगतीत बसलेली मुलगी आज वाढायला उभी राहत होती. दळण, स्वयंपाक, विणकाम, तेलघाणा, गुरेढोरे, शुश्रूषा, शिकवणे, छपाई सगळे बायकांच्या हातात होते. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, अंध मुलींसाठी वेगळे सदन निघाले. मनोरमेने त्यांना ब्रेल लिपी शिकवली.

या सगळ्यात धर्माचा प्रश्न टाळता येत नाही. भाकरी आणि धर्म एकाच हातून मिळत असतील तर घेणाऱ्याची निवड कितपत मोकळी, असे टीकाकार विचारत होते. प्रश्न रास्त होता आणि आजही आहे. रमाबाईंनी आपली श्रद्धा कधी लपवली नाही. १९०५ मध्ये गावोगाव धर्मप्रसारासाठी जायला त्यांनी मुलींना हाक दिली, तेव्हा तीस जणी आपणहून पुढे आल्या. ते कुणाला पटेल, कुणाला नाही. पण ज्या वेळी या मुली रस्त्यावर मरत होत्या, तेव्हा त्यांना घरात घ्यायला फार थोडी दारे उघडी होती, हेही त्याच वहीत लिहावे लागेल.

अखेरची वर्षे रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर करण्यात घालवली. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. रमाबाईंनी सारे ज्या मुलीवर सोपवायचे ठरवले होते तीच आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. मुक्तीच्या छापखान्यातून संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

घरची वारस उरली नाही, तरी केडगावची संस्था बंद पडली नाही. आजही तिथे निराधार स्त्रिया आणि मुले राहतात. रमाबाईंच्या हयातीतच काम पुष्कळ हातांत वाटले गेले होते, आणि ते हात एके काळी रिकाम्या पोटाने त्या मळ्यावर आलेल्या मुलींचे होते.