सर चंद्रशेखर वेंकट रामन आणि समुद्राची निळाई

आमच्या छत्रपती संभाजीनगरापासून समुद्र फार दूर. येथील कित्येक मुलांस त्याचें प्रथम दर्शन मुंबईस घडतें, आणि चित्रांतला निळा रंग तेथें न दिसल्यामुळें त्यांचा थोडा विरसच होतो. किनाऱ्याजवळचें पाणी गाळानें गढूळ असतें. खरी निळाई खोल समुद्रावर. ती येते कोठून, हा प्रश्न बालिश वाटेल. परंतु त्यानेंच एका थोर शास्त्रज्ञाच्या आयुष्यास वळण लाविलें.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजीं तिरुचिरापल्ली येथें एका अध्यापकाच्या घरीं झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतून १९०७ सालीं एम्. ए. होऊन ते सरकारी हिशेब खात्यांत अधिकारी झाले. दुसरा एखादा तेवढ्यावर तृप्त झाला असता. रामन मात्र कलकत्त्यास कचेरीच्या आधीं व नंतर बऊबाजारांतील विज्ञानसंस्थेंत प्रयोग करीत बसत. मध्यंतरीं १९१० सालीं त्यांची बदली आपल्या नागपुरास झाली होती. १९१७ सालीं ही मोठ्या पगाराची नोकरी सोडून त्यांनीं कलकत्ता विश्वविद्यालयांत अल्प वेतनाची प्राध्यापकी पत्करली.

१९२१ सालीं ऑक्सफर्डच्या परिषदेनिमित्त त्यांचा पहिला विलायत-प्रवास झाला, आणि वाटेंत भूमध्य समुद्राची गर्द निळाई त्यांच्या दृष्टीस पडली. ही निळाई म्हणजे आकाशाचें प्रतिबिंब होय, असें लॉर्ड रॅले यांचें मत होतें. आकाश निळें कां दिसतें, हें त्यांनींच उलगडून दाखविलें होतें. त्यांच्या मताविषयीं शंका कोण घेणार? रामन यांनीं ती घेतली, पण वाद न घालतां पाहून घेतली. पाण्यावरून ठराविक कोनांत परावर्तन पावलेल्या प्रकाशाच्या लहरी एकाच पातळींत कंप पावतात. निकोल नांवाचा लहानसा लोलक योग्य तऱ्हेनें फिरविला कीं तेवढाच प्रकाश अडतो. 'नरकुंडा' आगबोटीवरून परततांना रामन यांनीं अशा लोलकांतून समुद्र न्याहाळला. आकाशाचें प्रतिबिंब पुसलें गेलें, तरी समुद्र निळा तो निळाच. किंबहुना अधिकच निळा! रंग पाण्याच्या आंतूनच येत होता. यावरील टिपण त्यांनीं २६ सप्टेंबर १९२१ रोजीं मुंबई बंदरांतूनच विलायतेच्या 'नेचर' पत्राकडे धाडलें.

पाण्याचे रेणू सूर्यप्रकाश विखुरतात व त्यांत निळा भाग अधिक असतो, असें त्यांनीं प्रतिपादिलें. पाणी तांबडे किरण शोषून घेतें, हेंही त्यांस ठाऊक होतें. परंतु त्यास त्यांनीं दुय्यम मानलें. आज शास्त्रज्ञ हें शोषणच निळाईचें मुख्य कारण समजतात. पेलाभर पाणी रंगहीन दिसतें याचें कारणही हेंच: शोषणास खोली हवी. म्हणजे रॅले यांची चूक दाखविणाऱ्याचा निर्णयही पुरा नव्हता! हें सांगण्यांत त्यांचा कमीपणा होतो, असें आम्हांस वाटत नाहीं.

या विखुरण्याचाच पाठपुरावा त्यांनीं सात वर्षें केला. के. एस. कृष्णन यांच्या साहाय्यानें, २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं, विखुरलेल्या प्रकाशाचा अल्पसा अंश आपला रंगच बदलतो, असें त्यांस आढळलें. 'रामन परिणाम' तो हाच. १९३० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. १९३३ पासून ते बंगळूरास राहिले व १९४८ सालीं तेथें त्यांनीं स्वतःची संशोधनसंस्था उभारली. २१ नोव्हेंबर १९७० रोजीं ते निवर्तले, आणि त्याच संस्थेच्या बागेंत त्यांच्या देहास अग्नि देण्यांत आला.