फ्लॉरेन्स नाइटिंगेल : मृतांची गणना चित्रांत मांडणारी सेविका

मिशनच्या रुग्णालयांत शिकलेल्या परिचारिका आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ घरांतून निघाल्या आहेत. त्यामुळे फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईंचे नाव आमच्या वाचकांस नवे नाही. रात्रीच्या समयी हाती दिवा घेऊन आजारी शिपायांच्या खाटांमधून फिरणारी त्यांची मूर्ती आपण सर्वांनी चित्रांत पाहिली आहे. परंतु त्या दिव्याचे काम दोन वर्षांच्या आतच संपले. त्यानंतर लेखणी, कोष्टके व रंगीत आकृत्या घेऊन त्यांनी जे काम आरंभिले ते पुढे सुमारे चाळीस वर्षे चालले, आणि त्याने दिव्याहूनही अधिक जीव वाचविले. या दुसऱ्या कामाची हकीकत फारशी सांगितली जात नाही, म्हणून ती आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

नाइटिंगेलबाईंचा जन्म १२ मे १८२० रोजी इटली देशातील फ्लॉरेन्स शहरी झाला, आणि त्या शहराचेच नाव त्यांस देण्यात आले. आईबाप इंग्रज असून श्रीमंत होते. बाप विद्वान होता. त्याने आपल्या दोन्ही मुलींस घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास व तत्त्वज्ञान शिकविले. धाकट्या फ्लॉरेन्सची ओढ गणिताकडे विशेष होती. इतर मुली नाचगाण्याच्या बैठकींत रमत, तेव्हा हिला आकड्यांची कोष्टके मांडण्यात समाधान वाटे. त्या काळी मोठ्या घरच्या मुलीस हा नाद शोभत नाही, असेच बहुतेकांचे मत होते.

फेब्रुवारी १८३७ मध्ये, सतरावे वर्ष चालू असता, ईश्वर आपणास आपल्या सेवेस बोलावीत आहे अशी त्यांची खात्री झाली. त्यांची धर्ममते सर्व बाबतींत आमच्या मंडळ्यांसारखी होती असे नाही. तरी हे पाचारण त्यांनी मरेपर्यंत खरे मानिले. सेवा कोणती, हे कळण्यास मात्र वर्षे लागली. आजाऱ्यांची शुश्रूषा करावी असे त्यांनी ठरविले, तेव्हा आईने व बहिणीने मोठा विरोध केला, कारण त्या वेळी इंग्लंडात परिचारिकेचा धंदा हलका समजला जात असे. शेवटी १८५१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्या जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी कायझरस्वर्थ येथे गेल्या. तेथे पाळक फ्लीडनर यांनी प्रॉटेस्टंट सेविकांची संस्था स्थापिली होती. तीन महिने त्या साध्या घरी राहून त्यांनी रोग्यांची सेवा, स्वच्छता व शिस्त यांचे शिक्षण घेतले.

१८५४ साली इंग्लंड व फ्रान्स यांनी तुर्कस्थानच्या बाजूने रशियाशी युद्ध पुकारले. रणभूमी काळ्या समुद्राच्या काठी क्रिमिया प्रांतात होती. जखमी व आजारी इंग्रज शिपायांस जहाजांत घालून कॉन्स्टँटिनोपलसमोरील स्कुटारी गावी आणीत. तेथील हाल वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले, तेव्हा मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी नाइटिंगेलबाईंस तिकडे जाण्याची विनंती केली. अडतीस परिचारिका बरोबर घेऊन त्या ऑक्टोबरात निघाल्या व नोव्हेंबरच्या आरंभी स्कुटारीस पोहोचल्या.

तेथे मोठ्या बराकीचेच रुग्णालय केलेले होते. खाली मोऱ्या तुंबलेल्या, वर खिडक्या बंद, पाणी घाण, अंगावर उवा, आणि शिपाई ओळीने जमिनीवर निजविलेले. बाईंनी अन्न, कपडे, धुणे, औषधे व देखरेख यांची व्यवस्था लावण्यास रात्रीचा दिवस केला. तरीही मृत्यू थांबले नाहीत. त्या हिवाळ्यात ते वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये स्कुटारीच्या रुग्णालयांत शंभर रोग्यांमागे सुमारे ४२ मरण पावले. मार्च महिन्यात सरकारने आरोग्याच्या चौकशीसाठी एक मंडळ पाठविले. त्याने मोऱ्या धुवून काढिल्या, मेलेली जनावरे पुरविली, पाण्याची वाट शुद्ध केली, भिंतींस चुना लाविला व हवा खेळती केली. जून महिन्यात तेच प्रमाण शंभरांत सुमारे दोन इतके उतरले.

येथे बाईंच्या चरित्रातील मुख्य कसोटी येते. ऑगस्ट १८५६ मध्ये त्या इंग्लंडास परतल्या, तेव्हा सारे राष्ट्र त्यांचा जयजयकार करण्यास उभे होते. त्यांनी खोटे नाव घेऊन प्रवास केला व गुपचूप आपल्या घरी गेल्या. डोळ्यांपुढे मेलेले शिपाई होते. ते का मेले, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसू देईना. मृत्यूंच्या नोंदींचे मोठे जाणकार डॉक्टर विल्यम फार यांच्या साह्याने त्यांनी लष्कराच्या नोंदवह्या तपासून महिन्यामागून महिना मृतांची गणना केली. त्या गणनेतून स्पष्ट दिसले की, शिपाई शत्रूच्या गोळीने थोडे मेले. बहुतेक पटकी, हगवण व ताप अशा रोगांनी मेले, आणि ते रोग टाळता येण्याजोगे होते. ज्या महिन्यांत मृत्यू सर्वांत अधिक झाले, त्याच महिन्यांत त्या स्वतः स्कुटारीस होत्या. जिची कीर्ती घरोघर गायिली जात होती तिने ते महिने झाकून ठेविले असते, तर कोणी विचारिले नसते. त्यांनी ते झाकिले नाहीत. उलट, सर्वांस दिसतील असे ते मांडिले.

परंतु मांडावे कसे? आकड्यांची लांब कोष्टके मंत्री व सेनापती वाचीत नाहीत, हे त्या ओळखून होत्या. आकड्यांस रेषांचे रूप देण्याची युक्ती त्यापूर्वीच निघाली होती. विल्यम प्लेफेअर नामक स्कॉटलंडच्या गृहस्थाने १७८६ साली एक पुस्तक छापून इंग्लंडची आयात व निर्यात वर्षावर्षास कशी चढली व उतरली, हे रेषांनी दाखविले होते. व्यापाऱ्याच्या चोपडीतील शंभर ओळी वाचून जे ध्यानात येत नाही, ते एका वर चढणाऱ्या रेषेने क्षणात कळते. हीच युक्ती बाईंनी जीव वाचविण्याच्या कामी लाविली.

१८५८ साली त्यांनी छापविलेली आकृती आजही प्रसिद्ध आहे. ती कशी आहे ते आम्ही सांगतो. वाचकांनी बैलगाडीचे चाक डोळ्यांपुढे आणावे. चाकास बारा आरे आहेत असे समजा, म्हणजे दोन आऱ्यांमधील एकेक जागा एकेका महिन्याची झाली. महिन्यात मृत्यूचे प्रमाण अधिक, तर ती जागा मध्यापासून दूरवर पसरते. प्रमाण कमी, तर ती आखूड राहते. म्हणून आकृती चाकासारखी वाटोळी न राहता वेड्यावाकड्या पाकळ्यांच्या फुलासारखी दिसते. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे तांबड्या रंगात, व इतर कारणांचे काळ्या रंगात दाखविले आहेत. उजवीकडे एप्रिल १८५४ ते मार्च १८५५ पर्यंतचे वर्ष आहे व डावीकडे त्यापुढील वर्ष.

जानेवारी १८५५ ची पाकळी पाहावी. त्या महिन्यात सुमारे ३२,००० फौजेत रोगांनी २,७६१, जखमांनी ८३ व इतर कारणांनी ३२४ शिपाई मेले. निळी पाकळी कागदभर पसरली आहे आणि तांबडी मध्याशी जेमतेम दिसते. आता डावीकडे जानेवारी १८५६ पाहावा. फौज वाढून सुमारे ४४,००० झाली होती, तरी रोगांनी केवळ ४२ मेले. तेथील पाकळी शोधूनच काढावी लागते. ज्यास अक्षरओळख नाही त्यासही ही दोन फुले शेजारी ठेवून कळेल की, तोफेने जेवढे मारिले त्याहून किती तरी पट घाणीने मारिले, आणि घाण काढिल्यावर मरणही मागे हटले.

या आकृतीविषयी आणखी एक गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. बाईंच्या पहिल्या आकृतीत मृत्यू दुप्पट झाले की रेषेची लांबी दुप्पट केलेली होती. पण शेतकऱ्यास ठाऊक आहे की, शेताची लांबी व रुंदी दोन्ही दुप्पट केल्यास शेत दुप्पट होत नाही, चौपट होते. पेरणीस बीही चौपट लागते. तसेच येथे झाले. पाहणाऱ्याचा डोळा रेषा न मोजता रंगाचा पसारा मोजतो, म्हणून मृत्यू होते त्याहून अधिक भासत. चूक बाईंच्याच बाजूस लाभदायक होती, कारण तिने त्यांचा मुद्दा अधिक भयंकर दिसे. तरीही त्यांनी ती मान्य केली, आणि पसाराच प्रमाणशीर राहील अशी आकृती नव्याने काढविली. खऱ्या गोष्टीच्या साह्यासाठीही त्यांनी खोटे माप वापरिले नाही.

दुसऱ्या एका आकृतीत त्यांनी शांततेच्या काळातील स्थिती दाखविली. इंग्लंडात वीस ते पंचवीस वर्षे वयाचे सामान्य पुरुष वर्षास हजारी सुमारे आठ मरत, आणि त्याच वयाचे निवडक, धडधाकट शिपाई बराकींत हजारी सतरा मरत. दोन रेषा शेजारी काढिल्या. एक दुसरीच्या दुप्पट. हे पाहिल्यावर डोळे मिटून बसणे सरकारास कठीण झाले. बराकींत हवा व पाणी सुधारले, लष्करी डॉक्टरांची शाळा १८६० साली निघाली, आणि मृत्यूंची नीट नोंद ठेवण्याचा प्रघात पडला. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने बाईंस सभासद करून घेतले. त्यापूर्वी कोणत्याही स्त्रीस तो मान मिळाला नव्हता.

या कामाचा आमच्या देशाशीही संबंध आला. १८५९ साली हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी सुरू झाली. बाईंनी छापील प्रश्न ठिकठिकाणच्या छावण्यांत पाठविले व आलेल्या उत्तरांचे ढीग आजारपणात, अंथरुणावरून तपासिले. १८६३ च्या अहवालात दिसले की, येथे वर्षास हजारी ६९ शिपाई मरत होते. दहा वर्षांनी ते प्रमाण १८ वर आल्याचे त्यांनी लिहिले. पुढे त्यांची दृष्टी छावणीवरून गावाकडे वळली. रयतेचा दुष्काळ, विहिरीचे पाणी व गावची स्वच्छता यांविषयी त्यांनी पुष्कळ लिहिले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार ठेविला. हिंदुस्थानात मात्र त्यांचे पाऊल कधीच पडले नाही. ज्यांस डोळ्यांनी पाहिले नाही अशा लोकांस त्यांनी नोंदींतून ओळखिले.

१९०७ साली त्यांस इंग्लंडच्या राजाकडून मोठा बहुमान मिळाला, आणि १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्या देवाघरी गेल्या. राष्ट्रातील थोरांच्या शेजारी वेस्टमिन्स्टर येथे पुरण्याचा मान देऊ केला होता, पण आप्तांनी तो स्वीकारिला नाही. खेड्यातील एका लहान मंदिराच्या आवारात, घरच्यांजवळ, त्यांस पुरिले. थडग्यावर पुरते नावही नाही. दोन आद्याक्षरे आणि जन्म व मृत्यू यांच्या तारखा एवढेच कोरिले आहे.

आता आपल्याकडे पाहू. हल्ली पावसाचे मान, कांद्याचा व कापसाचा भाव, रोगाची साथ, सर्व काही रेषांनी व रंगांनी दाखविण्याची रीत पडली आहे. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा वर चढणारी ती रेषा खेड्यापाड्यांतही लोक रोज पाहत. अशी आकृती पुढे आली म्हणजे नाइटिंगेलबाईंची कसोटी तीस लावावी. माप खरे आहे काय? रेषा कोठून आरंभिली आहे? जे महिने सोयीचे नाहीत ते गाळले तर नाहीत ना? चित्र लवकर पटते, म्हणूनच खोटे चित्र खोट्या शब्दाहून अधिक फसविते.

आणि आमच्या उपदेशक बंधूंस आमची एक विनंती आहे. मंडळीच्या नोंदवहीत जन्म, बाप्तिस्मे, विवाह व मृत्यू आपण लिहितच असता. एखाद्या सायंकाळी ती वही उघडून गेल्या पाच वर्षांत किती बालके मेली व कोणत्या महिन्यांत मेली, हे शाळेच्या फळ्यावर खडूने, महिन्यास एक रेघ अशा रीतीने काढून पाहावे. पावसाळ्यातील रेघा लांब निघाल्या, तर विहिरीकडे पाहावे. मंडळीस दोष देण्यासाठी अथवा आपली बढाई मिरविण्यासाठी मात्र मोजू नये. दाविदाने लोकांची मोजणी केली आणि ती त्यास व लोकांस भोवली, हे शास्त्रात आपण वाचितो. हबक्कूक संदेष्ट्यास दर्शन पाट्यांवर स्पष्ट लिहिण्याची आज्ञा झाली, ती धावणाऱ्यासही वाचता यावे म्हणून.

शंभर मेंढरांपैकी एक हरवले हे त्या मेंढपाळास कळले, कारण तो सायंकाळी मोजीत असे. मोजल्यावर तो घरी बसला नाही, शोधावयास निघाला. नाइटिंगेलबाईंनी मेलेल्यांस मोजिले ते जिवंतांच्या शोधासाठी. आमचीही मोजणी अशीच असो.