मादाम कामा आणि आठ कमळांचा झेंडा

१५ ऑगस्ट जवळ आला की आपली मुलं हौसेने तिरंगा काढतात. पण या तिरंग्याच्या ४० वर्षं आधी एक वेगळा झेंडा जगापुढे आला होता, आणि त्यात आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचाही वाटा होता. तो फडकवणाऱ्या मादाम भिकाजी कामा यांची गोष्ट मुलांना जरूर सांगा.

त्यांचा जन्म २४ सप्टेंबर १८६१ रोजी मुंबईतल्या सधन पारशी घरात झाला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा त्या घरात बसून राहिल्या नाहीत. रुग्णांची सेवा करता करता त्यांनाच प्लेग झाला. त्यातून वाचल्या, पुढे उपचारासाठी विलायतेला गेल्या आणि तिथे स्वातंत्र्याच्या कामात पडल्या.

२२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतल्या स्टुटगार्टला समाजवाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे भारताची बाजू मांडून बाईंनी झेंडा उलगडला. वर हिरवा, मधे पिवळा, खाली लाल पट्टा. हिरव्यावर आठ कमळं, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे आठ प्रांत. पिवळ्यावर देवनागरीत ‘वंदे मातरम्’. लाल पट्ट्यावर सूर्य आणि चंद्रकोर, म्हणजे हिंदू-मुसलमान एकत्र.

आता मुलांना नकाशा दाखवा. तेव्हा आपला जिल्हा चांदा. गडचिरोली त्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली. चांदा मध्य प्रांतात, आणि मध्य प्रांत त्या आठांपैकी एक. म्हणजे एक कमळ आपलं! हे कळलं की मुलांना स्टुटगार्ट दूरचं वाटत नाही.

या कामाची किंमत बाईंनी मोजली. इंग्रज सरकारने त्यांना मायदेशी येऊ दिलं नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये नजरकैद भोगली. १९३५ मध्ये, अर्धांगवायू झालेल्या अवस्थेत, सरकारविरोधी चळवळीत पडणार नाही असं लिहून दिल्यावरच त्यांना मुंबई दिसली. मुलं विचारतील, लिहून का दिलं? तेव्हा त्यांचं वय सांगा : ७४ वर्षं, आणि त्यातली तीसेक परदेशात गेलेली. उत्तर मुलांनाच शोधू द्या. १३ ऑगस्ट १९३६ रोजी त्या गेल्या. स्वातंत्र्य अजून ११ वर्षं दूर होतं.

इंदुलाल याज्ञिक यांनी लपवून भारतात आणलेला त्यांचा झेंडा पुण्याच्या केसरीवाड्यात जपलेला आहे.

यंदा वहीत दोन्ही झेंडे शेजारी-शेजारी काढायला सांगा. आठ कमळांपैकी एकाखाली मुलांनी आपल्या गावाचं नाव लिहावं.