बटाट्यात जीवसृष्टीचं नातं शोधणाऱ्या कमला सोहोनी



सगळे सजीव एकाच मुळापासून आले, असं आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतो. पण माणूस आणि बटाटा यांचं नातं मुलांना पटवायचं कसं? त्यासाठी कमला सोहोनी यांचं चरित्र सांगून बघा.

त्यांचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. माहेरच्या त्या भागवत. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ. लेखिका दुर्गा भागवत या थोरल्या बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला कमलाबाई पहिल्या आल्या. तरी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत नोबेल विजेते संचालक सी. व्ही. रामन यांनी, केवळ मुलगी म्हणून, प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी थेट बंगळूर गाठलं आणि नकाराचं कारण विचारलं. शेवटी प्रवेश मिळाला, पण एका अटीवर: वर्षभर काम बघू, पसंत पडलं तरच मान्यता. त्यांनी काम करून दाखवलं. रामन यांचं मत बदललं आणि पुढच्या मुलींसाठी दार उघडलं. तिथे त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांचा अभ्यास केला.

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतीच्या पेशीत 'सायटोक्रोम सी' हे प्रथिन सापडलं. ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवायला पेशीला ते लागतं. प्राण्यांच्या पेशीतही तेच काम तेच प्रथिन करतं. पुढे शास्त्रज्ञांनी याच प्रथिनाची रचना ताडून सजीवांची वंशावळ मांडली. माणूस आणि चिंपांझी यांच्यात तर त्याची रचना अगदी सारखी निघाली!

१९३९ मध्ये पीएच.डी. मिळवून त्या भारतात परतल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवलं, संशोधन केलं आणि संचालकपदही सांभाळलं. नीरेतले पोषक घटक तपासून कुपोषित मुलांसाठी आणि गरोदर बायांसाठी ती उपयोगी असल्याचं त्यांनी दाखवलं. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं.

धामणगावहून मुलीला पुढच्या शिक्षणासाठी अमरावती-नागपूरला पाठवायचं म्हटलं, की आजही काही घरांत आधी 'कशाला?' हा प्रश्न येतो. पालकहो, तेव्हा कमलाबाईंचं ते एक वर्ष आठवा. आणि शिक्षकांनो, उद्या वर्गात जाताना एक बटाटा सोबत न्या.