अहमदनगरच्या किल्ल्यातला सब्र: मौलाना आझाद

घरात आजारपण, हाताला काम नाही, भाडं थकलेलं. देवनार-गोवंडीत हे नवं नाही. अशा वेळी ‘सब्र करा’ म्हणणं सोपं असतं. मौलाना अबुल कलाम आझाद यांना तो करावा लागला, तोही आपल्याच महाराष्ट्रात.

९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत अटक झाली आणि त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी. तब्येत बिघडल्याचे निरोप येऊ लागले. अर्ज केला असता तर कदाचित भेट झाली असती. पण ज्या सरकारशी लढायचं, त्याच्याकडे सवलत मागणं मौलानांना पटलं नाही. (बेगमसाहेबांना हे किती जड गेलं असेल!) एप्रिल १९४३ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. काही महिन्यांत भोपाळला बहीणही गेली.

मौलानांनी रोजचा क्रम मोडला नाही. पहाटे उठून स्वतःच्या हाताने चहा करायचा, लिहायचं, खोलीत येणाऱ्या चिमण्यांना दाणे टाकायचे. अंगणात कैद्यांनी फुलझाडंही लावली होती. चहा, चिमण्या, फुलं, सगळं त्यांच्या पत्रांत आलं. ती पाठवायची सोय नव्हती. पुढे ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून छापली गेली. आतून आपण हललो होतो, वरून शांत राहायला झगडावं लागलं, हे त्यांनी त्यात लपवलेलं नाही.

जून १९४५ ला सुटका झाली. कलकत्त्यात लोकांनी हारांनी गाडी भरली. घरी जाण्याआधी मौलाना कब्रस्तानात गेले, त्यातला एक हार बेगमच्या कबरीवर ठेवला आणि मनातल्या मनात फातिहा पढला.