ट्रॉफी जिंकली, पण क्लबहाऊसमध्ये नो एन्ट्री; उलट्या ग्रिपने गोल्फ खेळणाऱ्या पापवाची गोष्ट

साल १९६३. दक्षिण आफ्रिकेतलं डर्बन शहर. इथल्या डर्बन कंट्री क्लबवर नाताल प्रांताची मानाची गोल्फ स्पर्धा, म्हणजे नाताल ओपन, नुकतीच संपली होती. नावाजलेल्या गोऱ्या खेळाडूंना मागे टाकून एकाने बाजी मारली होती. आता ट्रॉफी द्यायची वेळ झाली होती आणि पाऊस पडत होता.

बाकीची मंडळी क्लबहाऊसच्या छपराखाली. जिंकलेला माणूस मात्र बाहेर, भिजत. कारण क्लबहाऊस फक्त गोऱ्यांसाठी होतं आणि जिंकलेला माणूस होता भारतीय वंशाचा.

त्याचं नाव सेवसंकर सेवगोलम. पण सगळे त्याला पापवा म्हणायचे.

पापवाची गोष्ट समजून घ्यायची तर आधी थोडं गोल्फ समजून घ्यावं लागतं. आपल्याकडे गोल्फ म्हणजे पांढरी टोपी, हिरवंगार मैदान आणि मोठ्या लोकांच्या बिझनेस मीटिंग्ज, एवढंच डोक्यात असतं. खेळ मात्र त्यापेक्षा बराच सोपा आहे.

खेळ नेमका काय असतो?

गोल्फचं मैदान, म्हणजे कोर्स, साधारण १८ भागांचं असतं. प्रत्येक भागाला होल म्हणतात. सुरुवातीच्या जागेला टी म्हणतात. तिथून चेंडू मारायचा आणि पार शेवटी असलेल्या सव्वाचार इंच व्यासाच्या खड्ड्यात घालायचा. मधल्या नीट कापलेल्या गवताच्या पट्ट्याला फेअरवे म्हणतात, बाजूच्या वाढलेल्या गवताला रफ, वाळूच्या खड्ड्यांना बंकर आणि खड्ड्याभोवतीच्या गालिच्यासारख्या भागाला ग्रीन.

एखादा होल किती फटक्यांत व्हायला हवा हे ठरलेलं असतं, त्याला पार म्हणतात. बहुतेक होल पार ३, ४ किंवा ५ चे असतात. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी लागले तर ईगल आणि एक जास्त लागला तर बोगी. १८ होलचा पार साधारण ७२ होतो.

क्रिकेटमध्ये जास्त धावा करणारा जिंकतो, गोल्फमध्ये कमी फटके मारणारा. मोठ्या स्पर्धा सहसा चार दिवस, ७२ होल चालतात. म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास फटके मारायचे आणि एका फटक्याने जिंकायचं किंवा हरायचं.

ज्या काठीने चेंडू मारतात तिलाही क्लब म्हणतात. लांब मारायला ड्रायव्हर, मधल्या अंतरासाठी आयर्न आणि ग्रीनवर चेंडू ढकलायला पटर. एका खेळाडूला जास्तीत जास्त १४ क्लब जवळ ठेवता येतात. ही जड बॅग उचलणारा, अंतर सांगणारा, कोणता क्लब वापरायचा यावर सल्ला देणारा माणूस म्हणजे कॅडी.

पापवाची सुरुवात कॅडी म्हणूनच झाली.

कॅडीचा पोऱ्या

१८६० पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांवर राबवण्यासाठी भारतातून करारावर मजूर नातालला नेले. हेच ते गिरमिटिया. १८९३ मध्ये गांधीजींना रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं गेलं, ते पीटरमारित्झबर्ग स्टेशनही याच नातालमधलं. याच प्रांतातल्या डर्बनमध्ये, एका गरीब भारतीय कुटुंबात १९३० च्या सुमारास पापवाचा जन्म झाला. शाळा नशिबात नव्हती, लिहिता-वाचता येत नव्हतं. जवळच्या बीचवूड कोर्सवर दुसऱ्यांच्या बॅगा उचलायचं काम मिळालं आणि बघता बघता खेळ डोक्यात बसला.

शिकवायला कोणी नव्हतं. मिळेल त्या काठीने चेंडू मारत तो शिकला. त्यातूनच त्याची जगावेगळी ग्रिप तयार झाली.

उजव्या हाताने खेळणारा गोल्फर क्लब साधारण बॅटसारखाच धरतो, डावा हात वर आणि उजवा खाली. पापवा उभा उजव्या हाताच्या खेळाडूसारखा राहायचा, पण उजवा हात वर आणि डावा खाली धरायचा. आपल्या गल्लीत कोणी अशी बॅट धरली असती तर पहिल्याच बॉलला मोठ्या पोरांनी मनगट पकडून हात सरळ केले असते. पापवाचे हात सरळ करायला कोणी आलं नाही आणि चेंडू तर हवा तिथेच जात होता.

क्रीमवाला साहेब आणि युरोपची वारी

बीचवूडवर ग्रॅहम वुल्फ नावाचा उद्योजक खेळायला यायचा. आज दुकानात दिसणारी ओले ही क्रीम ज्या ऑइल ऑफ ओलेपासून सुरू झाली, ते बनवणारा हाच माणूस. आपल्या कॅडीच्या हातात काय जादू आहे ते त्याला दिसलं. देशात गोऱ्यांच्या स्पर्धा पापवाला बंद होत्या, म्हणून १९५९ मध्ये वुल्फ त्याला युरोपात घेऊन गेला.

त्याच वर्षी पापवाने डच ओपन जिंकली. ज्याला स्वतःच्या देशात खेळता येत नव्हतं तो नेदरलँड्सचा चॅम्पियन झाला! हा योगायोग नव्हता, कारण १९६० मध्ये त्याने हीच स्पर्धा पुन्हा जिंकली आणि १९६४ मध्ये तिसऱ्यांदा.

ओपन, पण कोणासाठी?

गोल्फमध्ये स्पर्धेच्या नावात ओपन असेल तर त्याचा अर्थ स्पर्धा खुली आहे. व्यावसायिक असो की हौशी, पात्र ठरेल त्याने खेळावं. वर्णभेदाच्या काळातल्या दक्षिण आफ्रिकेत मात्र हे खुलेपण गोऱ्यांपुरतं होतं. गोऱ्यांच्या कोर्सवर खेळायला पापवाला सरकारचा खास परवाना लागायचा. परवाना मिळाला तरी तो कोर्सपुरताच, क्लबहाऊसचं दार बंदच.

म्हणून १९६३ चा तो प्रसंग घडला. पावसात ट्रॉफी घेणाऱ्या पापवाचा फोटो जगभर छापून आला आणि दक्षिण आफ्रिकेची अब्रू गेली. वर्णभेदी देशाला खेळातून बाहेर काढा ही मागणी तेव्हा जोर धरत होतीच. पुढच्याच वर्षी, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधून दक्षिण आफ्रिकेला बाहेर ठेवण्यात आलं.

पापवा खेळत राहिला. १९६५ मध्ये त्याने पुन्हा नाताल ओपन जिंकली आणि यावेळी हरवलं थेट गॅरी प्लेअरला. प्लेअर किती मोठा? त्याच वर्षी यूएस ओपन जिंकून चारही मेजर स्पर्धा नावावर करणारा तो जगातला तिसरा गोल्फर ठरला.

इतर कोणत्याही खेळाडूसाठी ही कारकिर्दीची सुरुवात ठरली असती. पापवासाठी तो जवळपास शेवट ठरला. सरकारने त्याला देशातल्या मोठ्या स्पर्धांतून बाद केलं आणि पासपोर्टही काढून घेतला. ऐन उमेदीत हातातला खेळ गेला, कमाई गेली. १९७८ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने त्याचं निधन झालं, तेव्हा पन्नाशीही उलटली नव्हती.

वर्णभेद संपल्यावर दक्षिण आफ्रिकेने त्याला मरणोत्तर ऑर्डर ऑफ इखामांगा हा राष्ट्रीय सन्मान दिला. डर्बनमध्ये आज त्याच्या नावाचं गोल्फ कोर्सही आहे.

गोल्फमध्ये चेंडू जागेवर थांबलेला असतो. समोरून कोणी बाउन्सर टाकत नाही, कोणी टॅकल करत नाही. तुमच्या फटक्याला प्रतिस्पर्धी हातही लावू शकत नाही. चूक झाली तर खेळाडूने स्वतःच दंडाचा फटका मोजायचा, इतका हा खेळ खेळाडूच्या प्रामाणिकपणावर चालतो. अशा खेळात पापवाला हरवायचं तर कमी फटके मारणं हा एकच सरळ मार्ग होता. ते जमेना, तेव्हा त्याला खेळूच दिलं नाही.

पहिल्यांदा क्लब हातात घेणाऱ्याला कोणताही कोच आधी ग्रिपच शिकवेल. डावा हात वर, उजवा खाली. ती नीट शिकावी, बहुतेकांना तीच जमते. पण ती जमत नाही म्हणून गोल्फ आपल्यासाठी नाही असं वाटलं, तर उलट्या हातांनी तीन वेळा डच ओपन जिंकणारा हा कॅडी नक्की आठवावा.